घरच्या घरी पोलिश टॉर्ट: पोलंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

पोलंडमध्ये राहायला आलात की कधी ना कधी टॉर्ट, म्हणजे इथला थरांचा क्रीम केक, करायची वेळ येतेच. ज्याचा वाढदिवस त्यानेच ऑफिसात केक न्यायचा, असा इथला रिवाज आहे. शिवाय इम्येनिनी, म्हणजे नावदिवस, असतो: कॅलेंडरवर त्या त्या नावासाठी ठरलेला दिवस. ४ डिसेंबरला बार्बारा, १९ मार्चला युझेफ, २६ जुलैला आन्ना. जुन्या पिढीतली माणसं हा दिवस वाढदिवसाइतक्याच हौसेने साजरा करतात. शेजारच्या आजींकडे अशा दिवशी घरी केलेला टॉर्ट घेऊन गेलात, तर त्याचं कौतुक किती होतं ते बघाच.

आपल्याकडच्या बेकरीतला फेसाळ व्हीप्ड क्रीमचा केक आणि टॉर्ट यांच्यात बराच फरक आहे. टॉर्टचा स्पंज, म्हणजे बिश्कोप्ट, नुसत्या अंड्यांच्या हवेवर फुलतो. त्यात बटर नाही, तेल नाही, बेकिंग पावडरही नाही. म्हणून तो कोरडा असतो आणि त्याला पोंच, म्हणजे थर भिजवायचं गोडसर पाणी, पाजावा लागतो. मध्ये शिजवलेल्या दुधाचं बटरक्रीम आणि एखादा आंबट जॅम. केला त्याच दिवशी तो खायचा नसतो, मुरायला वेळ लागतो.

इथे मी कॉफी, अक्रोड आणि काळ्या करंटचा टॉर्ट घेतला आहे. पोलिश घरांतला हा अगदी ओळखीचा मेळ आहे आणि पहिल्यांदा करणाऱ्याला झेपणाराही. सगळी कृती वाचून झाल्यावर एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल: बटर आणि शिजवलेलं दूध एकाच तापमानाला आल्याशिवाय एकत्र करायचं नाही. बहुतेक टॉर्ट इथेच बिघडतात.

१. आधी वेळापत्रक आखा

शनिवारी पाहुणे येणार असतील तर गुरुवारी रात्री बिश्कोप्ट भाजा आणि दुधाचा भाग शिजवून ठेवा. शुक्रवारी क्रीम फेटून थर रचा. रात्रभर टॉर्ट फ्रिजमध्ये राहू दे. शनिवारी वाढा.

त्याच दिवशीचा बिश्कोप्ट कापायला घेतला तर भुगा होतो आणि पोंच टाकला की लगदा. रात्रभर राहिला की तो जरा आटतो, सुरीखाली शहाण्यासारखा वागतो.

खरेदी बुधवार-गुरुवारीच उरका. २०१८ पासून इथे रविवारी दुकानं बंद ठेवण्याचा कायदा आहे. वर्षातले मोजके रविवार सोडले तर मोठी सुपरमार्केटं उघडत नाहीत. रविवारी टॉर्ट करायला बसलात आणि अंडी कमी पडली, तर कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात जे मिळेल, ज्या भावात मिळेल, ते घ्यावं लागतं.

२. दुकानात काय बघायचं

मैदा: पाकिटावर ‘टॉर्टोवा’ आणि ‘टिप ४५०’ असं असलेला घ्या. हा आकडा मैदा जाळल्यावर उरणाऱ्या राखेचं प्रमाण सांगतो. आकडा जितका लहान तितका मैदा पांढरा. पण नुसता आकडा बघून फसू नका, कारण क्रुपचात्का नावाचं पीठही ४५० टिपचं असू शकतं. ते रवाळ असतं, बिश्कोप्टला चालत नाही. चिमटीत धरलं की लगेच कळतं, पण दुकानात पाकीट बंद असतं, म्हणून नाव वाचा.

बटाट्याचा स्टार्च: ‘मोंका झ्येम्न्याचाना’. नावात पीठ असलं तरी हा शुभ्र स्टार्च आहे, बोटांत कुरकुरतो. बिश्कोप्टला हलकेपणा याच्यामुळे येतो.

बटर: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. बटरच्याच कपाटात, बटरसारख्याच सोनेरी-पिवळ्या कागदात, बटर आणि वनस्पती तेलाची मिश्रणं ठेवलेली असतात. त्यांच्यावर गाईचं चित्रही असू शकतं. ‘मास्वो एक्स्ट्रा’ आणि ८२ टक्के फॅट, हे दोन्ही दिसलं तरच टोपलीत टाका. ‘मिक्स’ हा शब्द दिसला की परत ठेवा. वजनही बघा. वडी साधारणपणे २०० ग्रॅमची असते, काही त्याहून लहान असतात. आपल्याला २५० ग्रॅम लागणार, म्हणजे दोन वड्या घ्या. बटर साधारणपणे बिनमिठाचंच असतं, त्याची फार काळजी नको.

अंडी: एल मापाची, म्हणजे कवचासकट ६३ ते ७३ ग्रॅमची. एम असतील तर एक जास्त घ्या. अंड्यावरच्या शिक्क्यातला पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो: ० सेंद्रिय, १ मोकळी फिरणारी, २ शेडमधली, ३ पिंजऱ्यातली. फेटायला सगळी सारखीच, पण पिवळ्या बलकाचा रंग आणि चव याबाबतीत मी तरी ० किंवा १ च घेते.

जॅम: काळ्या करंटचा, ‘चार्ना पोझेच्का’. पोलंडमध्ये या फळाचं पीक प्रचंड येतं, त्यामुळे चांगला जॅम स्वस्तात मिळतो. कमी साखरेचा घ्या. क्रीम गोड आणि जड असतं, त्याला हा आंबटपणा तोलून धरतो. तो नाही मिळाला तर आलुबुखारचा घट्ट मुरंबा, ‘पोविद्वा’, चालेल. स्ट्रॉबेरी जॅम नको, सगळंच गोड होऊन बसतं.

३. साहित्य आणि साधनं

बिश्कोप्टसाठी (२२ सेंटीमीटरचा टिन):
- अंडी ५
- बारीक साखर १६० ग्रॅम
- टॉर्टोवा मैदा १२० ग्रॅम
- बटाट्याचा स्टार्च ४० ग्रॅम
- चिमूटभर मीठ

क्रीमसाठी:
- दूध ५०० मिलिलिटर (३.२ टक्के फॅटचं)
- पिवळे बलक ३
- साखर १२० ग्रॅम
- मैदा २५ ग्रॅम आणि बटाट्याचा स्टार्च २५ ग्रॅम
- बटर २५० ग्रॅम
- इन्स्टंट कॉफी २ मोठे चमचे, २ चमचे गरम पाण्यात विरघळवून गार केलेली

पोंचसाठी: २०० मिलिलिटर फिकी काळी कॉफी, २ छोटे चमचे साखर, आवडत असेल तर २ मोठे चमचे रम.

थरांसाठी: काळ्या करंटचा जॅम १५० ग्रॅम, अक्रोड १५० ग्रॅम.

साधनं: बाजू उघडणारा टिन (इथे त्याला टॉर्टोव्नित्सा म्हणतात, कोणत्याही सुपरमार्केटात मिळतो), बटर पेपर, वजनकाटा, हँड मिक्सर, चाळणी, सिलिकॉनचा कालथा, लांब सुरी, शिवणाचा जाड दोरा, टूथपिक. फिरतं टेबल असेल तर उत्तम, नसलं तरी अडत नाही. वजनकाटा मात्र घ्याच. पोलिश पाककृतींत ‘श्क्लांका’, म्हणजे २५० मिलिलिटरचा ग्लास, हे माप सर्रास येतं आणि दाबून भरलेल्या नि सैल भरलेल्या ग्लासातल्या मैद्यात बराच फरक पडतो.

४. बिश्कोप्ट

अंडी दोन तास आधी बाहेर काढा. ओव्हन १७० अंशांवर तापवा, वरून-खालून उष्णता देणारं चिन्ह निवडा, म्हणजे चौकोनात वर-खाली दोन आडव्या रेघा. पंख्याचं चिन्ह नको, त्याने वरची साल आधी सुकते आणि तडकते. भाड्याच्या घरातल्या ओव्हनवर नुसती चिन्हंच असतात, म्हणून सांगितलं.

टिनच्या तळाला बटर पेपर लावा. बाजूंना काहीही लावू नका, बटर नाही, तेल नाही, मैदा नाही. मिश्रण त्या कोरड्या भिंतीला धरून वर चढतं. भिंत तुपकट असली की घसरतं, आणि मध्ये फुगवटा, कडेला उतार असा केक निघतो.

पांढरे आणि पिवळे बलक वेगळे करा. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंबही जाता कामा नये. भांडं लिंबाच्या फोडीने पुसून घेतलं तर जुना तेलकटपणा निघून जातो. मीठ घालून पांढरा बलक फेटा. फेस पांढरा आणि घट्ट झाला की साखर चमचा-चमचा घालत जा, घाई न करता. फेस चमकदार झाला, चिमटीत चोळून पाहिल्यावर साखरेचा कण लागला नाही आणि भांडं उलटं केलं तरी तो जागचा हलला नाही, की थांबा. यापुढे फेटलात तर कापसासारखे गोळे सुटतात आणि मैदा नीट मिसळत नाही.

आता पिवळे बलक एकेक करून घाला, मिक्सर मंद गतीवर. मग मिक्सर बाजूला ठेवा. मैदा आणि स्टार्च एकत्र करून तीन वेळा विभागून वरून चाळा आणि कालथ्याने तळापासून वर उचलत मिसळा. गोल गोल ढवळू नका. तळाशी मैद्याचे खिसे राहतात, भांडं फिरवत तिथपर्यंत पोहोचा.

मिश्रण टिनमध्ये ओतून लगेच ओव्हनमध्ये. ३५ ते ४० मिनिटं लागतात. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका. मध्यभागी टोचलेली काडी कोरडी निघाली की झाला.

आता पोलिश घरांतली खास रीत. फरशीवर घडी घातलेला जाड टॉवेल पसरा. टिनची कडी घट्ट लागली आहे ना बघा. हातमोजे घालून गरम टिन ओव्हनमधून थेट बाहेर काढा, साधारण ५०-६० सेंटीमीटर उंचीवर सरळ धरा आणि सोडून द्या. होय, खरंच सोडून द्या. आदळण्याच्या धक्क्याने आतल्या बुडबुड्यांच्या भिंती फुटतात, कोंडलेली वाफ बाहेर पडते आणि गार होताना केक मध्ये खचत नाही. माथा सपाट राहतो, म्हणजे वरचा फुगवटा कापून टाकायची वेळच येत नाही. काचेच्या किंवा मातीच्या भांड्याने हे करू नका. आणि इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळतात, त्यामुळे अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर भाजायचं काम दहाच्या आत संपवा.

टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या. मग कडेने पातळ सुरी फिरवून बाजू उघडा, केक कापडात गुंडाळून ठेवा.

५. कॉफीचं बटरक्रीम

पोलंडमध्ये टॉर्टचं क्रीम दोन तऱ्हांनी करतात. एक जुनी रीत: अंडी आणि साखर वाफेवर फेटून, गार करून बटरमध्ये घालायची. ते क्रीम फार सुरेख लागतं, पण जड असतं आणि हात बसावा लागतो. दुसरी रीत बुदिन्यची, म्हणजे दूध स्टार्चबरोबर शिजवून. पहिल्यांदा करताना हीच धरा.

५०० मिलिलिटरपैकी कपभर दूध बाजूला काढा. त्यात बलक, मैदा आणि स्टार्च घालून गाठी मोडेपर्यंत ढवळा. उरलेलं दूध साखर घालून उकळा. उकळी आली की आच मंद करा आणि बलकाचं मिश्रण बारीक धारेने ओतत सतत हलवा. बघता बघता ते पिठल्यासारखं घट्ट होतं आणि रटरटायला लागतं.

इथे थोडं थांबून समजून घ्या. घट्ट झालं म्हणजे झालं, असं नाही. अंड्याच्या बलकात स्टार्च मोडणारं एक विकर असतं, अमायलेज. ते उकळीनेच निकामी होतं. लवकर उतरवलंत तर रात्री घट्ट असलेलं मिश्रण सकाळी पातळ झालेलं असतं, आणि मग बटरला नावं ठेवली जातात. म्हणून बुडबुडे यायला लागल्यावर एक-दीड मिनिट हलवत शिजवा. दहा मिनिटं उकळत ठेवायचं कारण नाही, बटाट्याचा स्टार्च फार शिजला की सैल पडतो.

उतरवा, पसरट भांड्यात काढा आणि क्लिंग फिल्म थेट पृष्ठभागाला चिकटवा. भांड्याच्या तोंडावर नव्हे, मिश्रणावरच. नाहीतर साय धरते आणि तिचे तुकडे क्रीममध्ये येतात. गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा.

दुसऱ्या दिवशी हे मिश्रण आणि बटर, दोन्ही एकाच वेळी फ्रिजबाहेर काढून ओट्यावर शेजारी ठेवा. दोन-तीन तास. दोन्ही २० ते २२ अंशांच्या आसपास यायला हवीत. हिवाळ्यात खिडकीखालच्या रेडिएटरवर बटर ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, ते बाहेरून वितळतं आणि आत दगड राहतं. वितळलेलं बटर पुन्हा गोठवलं तरी त्यात हवा धरत नाही. बटर बरोबर झालं की बोट दाबल्यावर खळगा पडतो, पण बोट तेलकट चमकत नाही.

बटर एकटंच पाच ते आठ मिनिटं फेटा. पिवळा रंग उतरून ते जवळजवळ पांढरं होईल. दुधाचं मिश्रण वेगळं फेटून गुळगुळीत करून घ्या, मग एकेक मोठा चमचा बटरमध्ये घालत जा. एक चमचा पूर्ण मुरल्यावरच पुढचा. शेवटी गार कॉफी थेंबाथेंबाने.

६. क्रीम फाटलं तर

फेकू नका. क्रीम पाणी सोडून रवाळ दिसत असेल तर बहुतेक वेळा ते गार पडलेलं असतं. भांडं कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरा, कडेचं क्रीम सैल झालं की पुन्हा फेटा. लागलंच तर परत करा. दोन-तीन फेऱ्यांत ते जुळून येतं.

उलट क्रीम पातळ, लोळणारं झालं असेल तर ते गरम आहे. १५-२० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा. दोन्ही वेळा वरून आणखी बटर किंवा पिठीसाखर घालायची घाई करू नका. तापमानाचं दुखणं साखरेने बरं होत नाही, फक्त गोडी वाढते.

७. थर कापणं

बिश्कोप्टच्या कडेला एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश उंचीवर चहूबाजूंनी टूथपिक टोचा. त्यांच्या रेषेवरून सुरीने फक्त एक सेंटीमीटर खोल खाच पाडा. त्या खाचेत दोरा बसवा, पुढे दोन्ही टोकं एकमेकांवरून ओलांडा आणि हळूहळू ओढा. दोरा आतून सरकत येतो आणि थर अगदी एकसारखा सुटतो. सुरीने आरपार कापणाऱ्यांचा हात मध्ये नेमका वाकतो, दोऱ्याचा नाही.

अक्रोड १६० अंशांवर ८-१० मिनिटं भाजून घ्या. गरम असतानाच फडक्यात चोळा, कडवट सालं निघतात. बारीक चिरा, मिक्सरमध्ये फिरवू नका, तेल सुटतं.

८. रचना

क्रीमचे मनाशी तीन भाग करा: दोन भाग आतल्या थरांना, जरा मोठा तिसरा बाहेरून लिंपायला.

खालचा थर ताटलीवर ठेवा. त्यावर चमच्याने पोंच घाला, साधारण ५० मिलिलिटर. खालच्याला कमीच, कारण वरचा ओलावा खाली उतरत राहतो आणि सगळा भारही त्याच्यावरच असतो. त्यावर जॅम, पातळ, कडेपासून एक सेंटीमीटर सोडून. मग क्रीमचा पहिला भाग. दुसरा थर ठेवा, ७० मिलिलिटर पोंच, क्रीमचा दुसरा भाग आणि मूठभर अक्रोड. तिसरा थर उलटा ठेवा, म्हणजे कापलेली सपाट बाजू वर येईल. उरलेला पोंच त्याला, कडा विसरू नका. खाताना कोरडी लागते ती कडच.

पोंचच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. चांगल्या टॉर्टचा तुकडा काट्याने दाबला की ओलसर लागला पाहिजे.

तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मग बाहेरून क्रीमचा अगदी पातळ हात फिरवा, सुटलेला भुगा त्यात अडकतो. पुन्हा २० मिनिटं फ्रिज, मग उरलेलं क्रीम नीट लावा. उरलेले अक्रोड तळहातावर घेऊन बाजूंना हलके दाबत चला, खाली सांडतील ते पुन्हा उचलून लावा. वर मोजके अख्खे अक्रोड पुरेत. पिवळ्या-गुलाबी फुलांची आरास या टॉर्टला शोभत नाही, असं माझं मत.

९. वाढताना आणि भारतात करताना

खायच्या अर्धा-पाऊण तास आधी टॉर्ट फ्रिजबाहेर काढा. गार बटरक्रीम जिभेवर मेणचट लागतं आणि कॉफीची चव दबते. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक कापाला पुन्हा तेच. आपल्या मंडळींना वाढताना अंडी आहेत आणि रम घातली असेल तर तीही आहे, हे आधीच सांगा. मुलं खाणार असतील तर रम नकोच, कॉफीही फिकी ठेवा. हाच टॉर्ट साध्या व्हॅनिला क्रीमचा करून पोंचला लिंबू घातलेला कोरा चहा वापरला तर मुलांना जास्त आवडतो.

सुट्टीत गावी गेल्यावर करणार असाल तर बटाट्याच्या स्टार्चऐवजी कॉर्नफ्लोअर घ्या आणि बटर बिनमिठाचंच शोधा, रोजच्या पावाला लावायचं खारट बटर चालणार नाही. आपल्याकडची अंडी लहान असतात, पाचाऐवजी सहा किंवा सात लागतील. काळ्या करंटच्या जागी कोकणातला करवंदाचा जॅम छान बसतो, तसाच गडद आणि आंबट. एप्रिल-मेमध्ये मुंबईत किंवा गोव्यात एसीशिवाय हे क्रीम उभं राहत नाही, तो बेत डिसेंबरवर टाका. अंड्यांशिवाय हा बिश्कोप्ट होत नाही. अंडी न खाणाऱ्यांसाठी वेगळाच केक करा.

उरलेला टॉर्ट झाकून फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो, दुसऱ्या दिवशी तर जास्तच चांगला लागतो. कांदा-लसणाच्या भाज्यांपासून दूर ठेवा, बटर वास पटकन धरतं. क्रीमनंतर शिल्लक राहिलेले तीन पांढरे बलक डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाका आणि वर तारीख लिहून ठेवा.